पाचव्या रविवारची गवर

प्रणितचं एक वागणं हौसाबाईच्या डोक्यात जायचं. तो घरात कागद बोलायचा.

त्याची लेक, सात वर्षांची सुरभी, महिन्यातून दोनदा घरी यायची. पोर अंगणात पाऊल टाकते न टाकते तोच ह्याच्या खिशातनं डायरी बाहेर. "दहा वाजून बारा मिनिटांनी ताबा मिळाला," असं पुटपुटत लिहून ठेवायचा. संध्याकाळी तिला रामवाडीच्या एसटी स्टँडवर आईच्या हातात देऊन आला की पुन्हा डायरी. "चार पंचावन्नला ताबा परत." मग पाणी पिऊन भिंतीकडं बघत बसायचा.

"ताबा काय रे, ताबा? खाजणातला जमिनीचा तुकडा हाय का ती?" हौसाबाई तडकायची.

"आये, वकिलांनी सांगितलंय. सगळं नोंदवून ठेवायचं."

"त्या वकिलाला इचार, आईच्या पोटातनं किती वाजता बाहेर पडलास ते नोंदवलंस का म्हणावं."

हौसाबाई दुसरीच्या बाकावरनं उठली ती थेट मिठागरावर गेली. शाळेचा आणि तिचा संबंध तेवढाच. स्वतःचं नाव तेवढं लिहिता यायचं, तेही 'हौ' वर मात्रा देताना हात अडखळायचा. पण पेणच्या खाडीकाठच्या त्या गावात तिच्या शब्दावर शब्द ठेवायला सरपंचसुद्धा दोनदा विचार करायचा. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून घर, शेत आणि दोन लेक तिनं एकटीनं ओढले. थोरला पनवेलला स्थायिक झाला. धाकटा प्रणित पेणच्या गणपतीच्या कारखान्यात आखणीला. मूर्तीचे डोळे रेखायचे, हे त्याचं काम. हात असा स्थिर, की बघणाऱ्यानं श्वास धरावा. हौसाबाईला त्याचा अभिमान होता. पण हाताचा तो स्थिरपणा त्याच्या जिभेलाही लागला होता. महत्त्वाच्या वेळी ती हलायचीच नाही.

नम्रताशी त्याचं फाटलं, त्याला सव्वा वर्ष झालं. मारझोड नव्हती, दारू नव्हती. ती बोलत राहायची, हा गप्प राहायचा, आणि मधे हौसाबाईची जीभ. एक दिवस नम्रता सुरभीला घेऊन गेली आणि रोह्याजवळच्या वरसे गावात भावाशेजारी खोली घेऊन राहिली. मग वकील आले, कोर्ट आलं. दोघांनी राजीखुशीनं सह्या केल्या आणि एक आठ पानी कागद घरात आला. पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी पोरीची बापाशी भेट, सकाळी दहा ते सायंकाळी पाच. देवाणघेवाण रामवाडी स्टँडवर. मुक्काम नाही. हे सगळं हौसाबाईला प्रणितच्या तोंडून तुकड्या-तुकड्यानं कळलेलं. उरलेलं तिनं आपल्या मनानं जोडलं, आणि मनानं एकच नाव पुढं केलं.

"पाचची अट त्या रोहेकरणीची," ती शेजारच्या सीताबाईला सांगायची. "पोर रात्रभर आजीच्या कुशीत झोपली तर तिचं काय झिजतंय गो? पण नाय. घड्याळ लावून पोर देते, घड्याळ लावून नेते. दुधाची पिशवी हाय जशी."

प्रणित तिथंच जेवत असला तरी मान वर करायचा नाही.

श्रावण सरत आला होता. ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी सुरभी आली. आधीचे भेटीचे तीन रविवार बुडाले होते. गणपती तोंडावर आला की पेणच्या कारखान्यात रविवार नसतो, रात्रसुद्धा नसते. कारागिरानं सुट्टी मागायची म्हणजे लग्नाच्या मांडवातून नवऱ्यानं जेवायला घरी जायचं. पण कागदात लिहिलं होतं की न घेतलेली भेट बुडीत, पुढं मागता यायची नाही. कागद लिहिणाऱ्याला आषाढ-श्रावण कसले ठाऊक! या खेपेला प्रणितनं मालकाच्या हातापाया पडून एक दिवस सोडवला होता.

सुरभीनं दप्तर टाकलं आणि मागच्या पडवीत आजीजवळ येऊन बसली. हौसाबाई वालाची डाळिंबी सोलत होती.

"आजी, गवर कधी गो?"

"येईल की आता. गणपती बुधवारी बसतो, तिथून चार दिवस." हौसाबाईनं बोटांवर मोजलं. "दोन आठवड्यांनी. आणि रविवारच हाय बघ! म्हंजे तुझाच वार."

पोरीनं वालाचा दाणा उचलला, सोलला नाही. तिनंही बोटांवर मोजलं. आजीच्या दुप्पट वेळ लावून मोजलं.

"तो पाचवा रविवार हाय, आजी."

"मग?"

"माझा पहिला आणि तिसरा. दुसरा आणि चौथा मम्मीचा." तिनं समजुतीनं सांगितलं, जसं लहान पोराला सांगावं. "पाचवा कुणाचाच नसतो. कागदात नाय तो."

हौसाबाईच्या हातातली डाळिंबी तशीच राहिली. सात वर्षांची पोर. या वयात तिनं चिंचा कुणाच्या झाडाच्या आणि आंबे कुणाच्या, एवढंच जाणावं.

हौसाबाईच्या घरात गवर आणायची रीत सासूच्या सासूपासूनची. तळ्याकाठचा तेरडा मुळासकट उपटायचा, धुवायचा, हळदकुंकू लावायचं आणि घरच्या लेकीनं तो हातात घेऊन यायचं. सून चालत नाही, उसनी लेक चालत नाही. घरात जन्मलेली हवी. उंबऱ्यावर तिच्या पायांवर दूध-पाणी घालायचं, मग तिनं गवर घरभर फिरवायची. प्रत्येक खोलीच्या दारात म्हातारी विचारणार, "काय हाय इथं?" आणि लेक म्हणणार, "समदं हाय!" कणगी रिकामी असली तरी समदं हाय. हौसाबाईला लेक झाली नाही. वीस वर्षं नाइलाजानं भाचीला बोलावून आणायला लागलं, आणि दर वर्षी ते तिच्या मनाला टोचलं. म्हणून सुरभी जन्मली तेव्हा बाळंतिणीच्या खोलीबाहेर ती पहिलं वाक्य बोलली ते, "आली माझी गवर आणणारी." चार वर्षांची असल्यापासून पोर गवर आणायची. गेल्या वर्षी कोर्टाच्या तारखा चालू होत्या, तेव्हा सीताबाईच्या नातीनं आणली. "समदं हाय," ती म्हणाली, पण पाहुण्या माणसासारखी, दाराच्या बाहेरूनच.

पोर खेळायला गेली तशी हौसाबाई प्रणितच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"गवरीला सुरभी येणार का नाय?"

"कागदात नाय, आये."

"गवर नाय कागदात?"

"गणपतीच नाय." तो जमिनीकडं बघत म्हणाला. "दिवाळी हाय, उन्हाळी सुट्टी हाय, नाताळ हाय. त्यात चार-चार दिवस, दहा ते पाच."

"नाताळ!" हौसाबाईनं कमरेवर हात ठेवले. "पेणच्या माणसाच्या कागदात नाताळ हाय आणि गणपती नाय? अरे, तू वर्षाचे बारा महिने गणपती करतोस. तुझ्या नखातला रंग कदी निघाला नाय. आणि सही करताना तुला गणपती आठवला नाय?"

"मजकूर वकिलाकडं तयारच होता. मुंबईकडचा कुठला तरी. आमची नावं घातली फक्त. गणपतीचं लिहायला पाहिजे, हे कुणाच्या डोक्यातच नाय आलं. ना माझ्या, ना तिच्या. गणपतीला पोर घरात असणारच, असं... धरूनच चाललो आमी."

हे मात्र खरं होतं, आणि हौसाबाईला ते कळलं. श्वास घेईन, असं कुणी लिहून ठेवत नाही.

"मग माग आता. फोन कर तिला."

"मागितलं आणि ती नाय म्हणाली तर नकार नोंद होतो. व्हय म्हणाली तर उद्या तीही कायतरी मागेल. कागदाबाहेर पाऊल टाकू नका म्हणून वकिलांनी सांगितलंय."

"मागू दे की तिला! पोरीचं आईबाप एकमेकांकडं मागणार नायत तर काय शेजाऱ्याकडं मागतील?"

प्रणित उठला. सव्वाचारचा गजर वाजला होता. दर रविवारी त्याच्या मोबाइलवर तो वाजायचा, भेटीच्या दिवशी रामवाडीला वेळेत पोचावं म्हणून. गजर ऐकताच अंगणातला खेळ टाकून सुरभी आत आली, न सांगता दप्तर भरू लागली. गजर झाला की निघायचं, हे तिच्या अंगात भिनलं होतं.

ते दप्तर भरणं हौसाबाईला रात्रभर दिसत राहिलं.

दोन दिवसांनी प्रणित कारखान्यात गेल्यावर तिनं कपाट उघडलं, प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद काढला, नऊवारीच्या ओच्यात खोवला आणि पेणला जाऊन रोह्याची एसटी धरली. कागद गावात कुणाकडून वाचून घेतला असता तर दुपारपर्यंत खाडीतल्या माशांनाही कळलं असतं. आणि मनात दुसरंही होतं. अट ज्या बाईची, तिच्याच तोंडून ती ऐकायची. वाचताना तिचं तोंड कसं होतं ते बघायचं.

नागोठण्याला नदीचं पाणी पुलाखाली लालभडक फुगलं होतं. शेजारी बसलेली बाई म्हणाली, "यंदा पण चढणार वाटतं." हौसाबाई नुसती हुंकारली. एरवी तिनं त्या बाईची सात पिढ्यांची चौकशी केली असती.

वरशाला नव्या बिल्डिंगांच्या रांगेत नम्रताची खोली पहिल्या मजल्यावर. नम्रता एका औषधाच्या दुकानात दुपारपाळी करायची, सकाळी घरी असायची. दार उघडून तिनं सासूला पाहिलं आणि तिचा हात दारावरच राहिला.

"सुरभी शाळेत गेलीय," ती पटकन म्हणाली. "आणि आज भेटीचा वार नाय, आई."

"ठाऊक हाय. मी पोर न्यायला नाय आले. वाचून घ्यायला आले." हौसाबाईनं ओच्यातनं कागद काढला. "पाणी देतेस, का त्यालाबी तारीख हाय?"

नम्रताला हसू आलं की रडू, तिलाच कळलं नाही. तिनं पाणी दिलं. मग चहा टाकला. हौसाबाई खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून खाली बसली. भिंतीवर सुरभीनं काढलेलं चित्र चिकटवलं होतं. एक घर इकडं, एक घर तिकडं, मधे लाल एसटी.

"वाच," हौसाबाई म्हणाली. "सगळं. गाळू नको."

नम्रता वाचू लागली. अर्जदार क्रमांक एक, अर्जदार क्रमांक दोन, अज्ञान मुलगी.

"अज्ञान कोण?"

"सुरभी. लहान मुलाला कायद्यात तसं म्हणतात."

"तिच्याएवढं ज्ञान त्या वकिलाला असतं तर गणपती सुटला नसता. वाच."

भेटीचे वार आले. रामवाडी आली. नाताळ आला. मग एका ओळीवर नम्रता अडखळली आणि पुढच्या पानाकडं गेली.

"थांब. मधली गाळलीस."

"त्यात काय नाय, आई."

"मना अक्षर कळत नाय, पण तोंड कळतं. मधली वाच."

नम्रतानं कागद जवळ धरला. आवाज खाली गेला. "'अर्जदार क्रमांक दोन यांचे घरी अज्ञान मुलीचा रात्रीचे वेळी सांभाळ करणेस सक्षम अशी कोणीही स्त्री नसल्याने, अर्जदार क्रमांक दोन यांनी मुक्कामाचे मागणीचा हक्क स्वखुशीने सोडून दिला आहे.'"

"दोन नंबर कोण?"

"प्रणित."

नम्रतानं कागद मांडीवर ठेवला.

"म्हंजे," हौसाबाई सावकाश म्हणाली, "माझ्या घरात बाई नाय."

"सांभाळू शकेल अशी नाय, असं—"

"कळलं मना."

तिनं आपल्या हातांकडं पाहिलं. मिठानं चिरलेले, भरलेले, पुन्हा चिरलेले हात. याच हातांनी सुरभीला चाळीस दिवस तेल लावून शेकलं होतं. पोर दोन वर्षांची असताना ताप उतरेना, तेव्हा याच खांद्यावर घेऊन तिनं पहाटेपर्यंत घरात येरझाऱ्या घातल्या होत्या. समोर बसलेली ही नम्रता तेव्हा थकून गाढ झोपली होती, आणि हिला उठवू नका असं हौसाबाईनंच सांगितलं होतं. आणि कुठल्यातरी टेबलावर, कुठल्यातरी पंख्याखाली, एका ओळीत तिला घरातनं पुसून टाकलं.

"मी म्हटलं होतं," नम्रता म्हणाली. "त्याच्या वकिलासमोर म्हटलं होतं, आई हायत ना घरात. मुक्काम असू दे, मना चालेल. वकिलानं प्रणितकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. मग वकिलानं पेन्सिलीनं फुली मारली, तिथं त्यानं सही केली."

"आणि मी वर्षभर तुझ्या नावानं बोटं मोडतेय."

"ठाऊक हाय." नम्रतानं चहाचा कप पुढं सरकवला. "'रोहेकरीण' म्हणता ना? सुरभी येऊन सांगते."

हौसाबाईनं आयुष्यात फार कमी वेळा खाली पाहिलं होतं. आता पाहिलं. "पोरीसमोर बोलायला नको होतं मी."

"तुमची जीभ मी सहन केली असती, आई. घरात आवाज तरी होता. त्याचं गप्प बसणं नाय सहन झालं."

हौसाबाईनं चहा बशीत ओतला, एका घोटात संपवला, आणि ज्यासाठी आली होती ते बोलली. "गवर या खेपेला पाचव्या रविवारी येते. पोर पाठव. मंगळवारी विसर्जन, तेवढे दोन मुक्काम. मी मागते. प्रणित नाय मागत, मी मागते."

नम्रता पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मना माझ्या वकिलीणबाईंनी सांगितलंय, कागदाबाहेर एक रात्रसुद्धा देऊ नका. एकदा सवय पडली की उद्या ती लोकं म्हणतील, पोर इथंच राहते, ताबा आम्हाला द्या."

"तुला वाटलं का तसं? आमी ठेवून घेऊ म्हणून?"

"वाटलं."

"खरं बोललीस. बरं केलंस." हौसाबाईनं मान हलवली. आपल्या लेकालाही भीती, हिलाही भीती, आणि दोघांच्या भीतीवर दोन वकील गादी टाकून बसलेले. "मग लिहून घे. तुला लिवलेलं लागतं ना, लिही. मी सही करते."

नम्रतानं सुरभीच्या वहीतलं पान काढलं. सवयीनं सुरुवात केली, "मी, अर्जदार क्रमांक एक, अज्ञान मुलीची भेट..."

"खोड ते! पोरीला नाव हाय. आणि भेट काय? भेटायला पाव्हणं येतं. मी सांगते तसं लिही."

हौसाबाई सांगत गेली, नम्रता लिहीत गेली. सुरभी रविवारी सकाळी गवर आणायला स्वतःच्या घरी येईल. दोन रात्री आजीजवळ झोपेल. मंगळवारी विसर्जन झालं की तिचा बाप तिला आणून सोडील.

"रोज रात्री आठला फोन करायचा, असं घालू?" नम्रतानं विचारलं.

"आठला कशाला? आईची आठवण आली की करील. तसं घाल."

"आणि..." नम्रता थांबली. "तिच्यासमोर मला कुणी वाईट बोलायचं नाय. हे घालू?"

"घाल. मोठ्या अक्षरात घाल."

खाली नम्रतानं सही केली. मग हौसाबाईनं पेन मुठीत धरलं. 'हौ' ची मात्रा काढायला तिला चहा पिण्यापेक्षा जास्त वेळ लागला. 'सा' लिहून तिनं पान लांब धरून पाहिलं.

"घे. आता माझ्या घरात बाई हाय म्हणून लिवलेलं हाय."

संध्याकाळी प्रणित कारखान्यातनं आला तेव्हा तो आठ पानी कागद पाटावर उघडा होता. शेजारी वहीचं पान.

"हात धू," हौसाबाई म्हणाली, "आणि ही ओळ वाचून दाखव." तिनं नम्रताकडून त्या ओळीशेजारी हळदीचं बोट ओढून घेतलं होतं.

प्रणितनं हळद पाहिली आणि सगळं ओळखलं. तो वाचू लागला. 'सक्षम अशी' पर्यंत आला आणि अडला. त्यानं पुन्हा सुरुवात केली, आणि शेवटपर्यंत वाचलं.

"वकील म्हणाले, मुक्काम मागितला तर तपासणी होईल, घरी माणसं येतील, तारखा वाढतील," तो म्हणाला. "तेव्हा गणपतीचा सीझन तोंडावर. मना तारखा नको होत्या, आये. ते म्हणाले, आईचं वय झालंय एवढं लिहू, विषय मिटेल. नंतर त्यांनी काय लिहिलं ते मी... फुली होती तिथं सही केली. घरी येऊन वाचलं. मग तुला सांगायचं धाडस नाय झालं."

हौसाबाईनं वहीचं पान आणि पेन त्याच्यासमोर ठेवलं. "वाच आधी. मग सही कर."

त्यानं दोनदा वाचलं. सही केली.

"आये, बोल तरी कायतरी. शिव्या घाल."

"माझ्या बोलण्याचा दिवस मी ठरवीन," ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला गेली.

दोन आठवडे ती त्याच्याशी मीठ-पाण्यापुरतं बोलली. सीताबाईनं नेहमीप्रमाणं, "काय गो, रोहेकरीण पोर पाठवते का गवरीला?" असं विचारलं, तेव्हा मात्र फाडकन उत्तर आलं. "नम्रता म्हणायचं तिला. ती पाठवते. माझंच नाणं खोटं होतं."

रविवारी सुरभी आली. दप्तराऐवजी कपड्यांची पिशवी होती, त्यात उशीसुद्धा. प्रणितचा हात खिशातल्या डायरीकडं गेला आणि परत आला.

दिवस कलायच्या आधी बायका तळ्यावर गेल्या. तेरडा या वर्षी कमरेएवढा वाढला होता. सुरभीनं परकराचा ओचा खोवला, मुळासकट जुडी उपटली आणि नाकावर चिखल घेऊन आली. उंबऱ्यावर तिच्या पायांवर दूध-पाणी घातलं. स्वयंपाकघराच्या दारात हौसाबाईनं विचारलं, "काय हाय इथं?"

"समदं हाय!" पोर ओरडली. आत अळूच्या भाजीचा वास दाटला होता.

देवघरात, माजघरात, पडवीत. समदं हाय, समदं हाय. मग प्रणितची खोली. कपाटाचा एक कप्पा सव्वा वर्षापासून रिकामा, दारावर नम्रतानं कधीतरी चिकटवलेल्या टिकल्या अजून होत्या. गवर घेऊन पोर दारात उभी राहिली.

"काय हाय इथं?"

सुरभीनं आत बघितलं. आणि तेवढ्यात खाटेवरच्या मोबाइलवर सव्वाचारचा गजर वाजला. प्रणित तो बंद करायला विसरला होता.

पोरीचा चेहरा उतरला. कुणी काही म्हणायच्या आधी तिनं गवर छातीशी धरली, दुसऱ्या हातानं दाराशी काढलेली चप्पल चाचपून पायात सरकवली. सीताबाईनं तोंडाला पदर लावला.

प्रणितनं झडप घालून गजर बंद केला. "नाय गं, नाय जायचं. आज नाय जायचं." त्यानं गुडघ्यावर बसून पोरीच्या पायातली चप्पल काढली. पोरीनं बापाकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं, आणि मग खोलीकडं तोंड करून नेहमीपेक्षा हळू म्हणाली, "समदं हाय."

गवर बसली. बायका आरतीच्या तयारीला लागल्या. हौसाबाईनं प्रणितला पडवीत बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"आज बोलते, ऐक. बायको गेली त्यात अर्धा दोष माझ्या जिभेचा, तो मी वरशाला जाऊन कबूल करून आले. पण मी वर्षभर नम्रताला नको ते बोलले आणि तू भाकर खात ऐकत बसलास, तो दोष तुझ्या एकट्याचा. तू वाईट नायस रे. भित्रा हायस. भित्र्या माणसाला कागद गोड लागतो, त्याच्यामागं लपता येतं. म्हणून मंगळवारी रामवाडीच्या स्टँडवर पोर सोडायची नाय. वरशाला जायचं, नम्रताच्या दारापर्यंत. आत बोलावलं तर आत बसायचं, नाय बोलावलं तर बाहेर उभं राहून सांगायचं, 'घरात बाई नाय ही ओळ माझ्या सहीची हाय आणि खोटी हाय.' मग दोघं बसून तो कागद बदला, त्यात गणपती घाला, मुक्काम घाला. आणि खिशातली ती डायरी काढ, उद्या बंब पेटवायला मना कागद लागतो. पोर घरी आली की वेळ नाय लिहायची. जेवलीस का, म्हणून विचारायचं."